वॉचर चालू होता, घंटा बंद होती: सर्च क्लस्टरवर देखरेखीचं प्लगइन बसवतानाचं एक प्रकरण

पहाटे तीनच्या सुमारास आमच्या सर्च क्लस्टरमधल्या, म्हणजे शोधासाठी एकत्र काम करणाऱ्या मशीनांच्या गटातल्या, चौथ्या डेटा नोडची (डेटा साठवणाऱ्या मशीनची) डिस्क भरली. आम्हाला ते कळलं सकाळी पावणेसातला, तेही वापरणाऱ्यांकडून तक्रार आल्यावर: शोध चालतोय, पण निकाल अर्धेच येतायत. या पावणेचार तासांत क्लस्टरने लॉगमध्ये शेकडो वेळा तेच सांगितलं होतं. तो लॉग वाचणारं कुणी जागं नव्हतं, एवढंच. देखरेखीचं आणि इशारे देणारं प्लगइन बसवायचा निर्णय त्याच दिवशी झाला. पुढचे दोन महिने कसे गेले ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण बसवण्याचं काम झाल्यावर आमचा खरा प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो होतो आणि ते चूक होतं.

आधी मांडणी सांगतो. इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरची ५.६ आवृत्ती, एकूण नऊ नोड. त्यातले तीन फक्त मास्टरचं, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघण्याचं, काम करणारे आणि सहा डेटा सांभाळणारे. सगळं लिखाण काफ्का या संदेश साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेतून यायचं, त्यामुळे क्लस्टर काही वेळ बंद राहिला तरी डेटा हरवणार नव्हता, फक्त रांगेत साचणार होता. हे पुढे फार उपयोगी पडलं.

त्या रात्रीचं कारण साधंच होतं. मॅपिंग (कुठल्या रकान्यात कुठल्या प्रकारची माहिती, त्याची व्याख्या) बदलायचं म्हणून एक मोठी इंडेक्स, म्हणजे नोंदींचा संच, नव्या इंडेक्समध्ये ओतली होती. काम लवकर व्हावं म्हणून नव्या इंडेक्सच्या प्रतिकृतींची, म्हणजे जादा प्रतींची, संख्या शून्यावर ठेवली आणि नंतर ती एकवर न्यायची राहून गेली. जुनी इंडेक्सही पुसायची राहिली. सगळ्याच डिस्का ऐंशीच्या पुढे सरकल्या. ८५ टक्क्यांना क्लस्टर त्या नोडवर नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) ठेवणं थांबवतो आणि ९० टक्क्यांना असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला लागतो, पण हलवायला कुठेच मोकळी जागा नव्हती. ९५ टक्क्यांवर इंडेक्सचं लिखाण रोखणारी तिसरी पायरी ६.० मध्ये आली. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून नोड शेवटच्या बाइटपर्यंत लिहीत राहिला. जागा संपली तसे त्यावरचे शार्ड पडले. ज्यांची प्रतिकृती होती ते सावरले. नव्या इंडेक्सच्या शार्डांना प्रतिकृतीच नव्हती, क्लस्टर लाल झाला, म्हणजे काही शार्डांची एकही प्रत हाताशी उरली नाही.

अर्धे निकाल का आले, हेही समजून घेण्यासारखं आहे. काही शार्ड पडले असले तरी इलास्टिकसर्च उरलेल्या शार्डांतून उत्तर देतो, आणि उत्तराचा कोड असतो २००, म्हणजे सगळं ठीक. किती शार्ड चुकले तो आकडा उत्तराच्या आत असतो. आमचं ॲप्लिकेशन तो आकडा बघतच नव्हतं.

चाचणी क्लस्टरवर लागलेल्या तीन ठेचा

२.x च्या काळात देखरेखीसाठी मार्व्हल आणि इशाऱ्यांसाठी वॉचर अशी वेगवेगळी प्लगइनं होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ५.० आली तेव्हा ती सुरक्षा वगैरे इतर भागांसकट एक्स-पॅक या एकाच प्लगइनमध्ये गोळा झाली. आम्ही तेच निवडलं. स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिण्याचा पर्याय होता, पण महिन्याभराचे आलेख मागे जाऊन बघता येणं आम्हाला हवंच होतं.

आधी तीन नोडांचा चाचणी क्लस्टर उभा केला. सर्व्हरांना बाहेरचं इंटरनेट नव्हतं, म्हणून झिप फाइल उतरवून प्रत्येक मशीनवर नेली आणि फाइलचा मार्ग देऊन प्लगइन बसवलं. प्लगइनची आवृत्ती नोडच्या आवृत्तीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते आणि प्लगइन प्रत्येक नोडवर लागतं. स्क्रिप्ट पहिल्याच मशीनवर अडकून बसली. बसवताना प्लगइन जास्तीच्या परवानग्या मागतं आणि हो-नाही असं विचारतं. उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं. काही न विचारता पुढे जाणारा बॅचचा पर्याय दिल्यावर ते मिटलं.

दुसरी ठेच मोठी होती. प्लगइन बसलं, नोड पुन्हा चालू केला, तर तो उठेचना. लॉगमध्ये अपवादाची लांबलचक माळ आणि तिच्या मुळाशी एक स्वच्छ वाक्य: ॲक्शन.ऑटो_क्रिएट_इंडेक्स ही सेटिंग फार कडक आहे, ती काढा किंवा वॉचरच्या इंडेक्सना परवानगी द्या. ती सेटिंग आम्हीच पूर्वी फॉल्सवर ठेवली होती. कुणीतरी इंडेक्सचं नाव लिहिताना एक अक्षर चुकवलं होतं आणि भलतीच इंडेक्स आपोआप तयार होऊन तिच्यात दोन दिवस डेटा जात राहिला होता. ते पुन्हा होऊ नये म्हणून लावलेलं हे कुलूप. वॉचरला मात्र स्वतःच्या इंडेक्स लागतात: एक वॉच (इशाऱ्यांचे नियम) ठेवायला, एक सुरू झालेल्या वॉचची नोंद ठेवायला आणि इतिहासाची रोज एक नवी. त्या बनवता येणार नाहीत असं दिसलं की वॉचर नोडलाच उठू देत नाही. मला हे वागणं मनापासून आवडलं. अडचण असेल तर ती सुरुवातीलाच दारात उभी राहून सांगावी. पुढे जे घडलं त्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

तिसरी ठेच: एकेक नोड बंद-चालू करत, क्लस्टर न थांबवता काम उरकू असा आमचा बेत होता. दोन नोड झाले, त्यातला एक मास्टर झाला आणि प्लगइन नसलेला तिसरा नोड बाहेर फेकला गेला. एक्स-पॅक क्लस्टरच्या सामायिक स्थितीत परवान्याची माहिती लिहितं. ज्या नोडवर प्लगइन नाही त्याला ती माहिती वाचताच येत नाही. ५.x मध्ये चालू क्लस्टरवर एक्स-पॅक पहिल्यांदा बसवताना सगळा क्लस्टर एकदम थांबवूनच चालू करावा लागतो, असं दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते पान नंतर उघडलं.

या तीन ठेचांमुळे आराखडा बदलला. वॉचर मुख्य क्लस्टरवर चालवायचाच नाही असं ठरलं. ५.x मध्ये सगळे वॉच निवडून आलेल्या मास्टर नोडवर चालतात. सहा डेटा नोडांचा कारभार बघणाऱ्या मास्टरवर आणखी ओझं कशाला? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पोटात राखणदार बसवला तर घर कोसळताना तोही खाली येणार. म्हणून देखरेखीसाठी एक छोटा वेगळा क्लस्टर केला. मुख्य क्लस्टरवर फक्त मोजमाप गोळा करणारा भाग चालू ठेवला आणि एचटीटीपी एक्स्पोर्टर लावून नोंदी तिकडे पाठवल्या. वॉचर आणि आलेख दाखवणारं किबाना तिकडेच. मुख्य क्लस्टरवर वॉचर बंद, त्यामुळे ते जुनं कुलूपही जसंच्या तसं राहिलं.

सुरक्षेचा भाग एक्स-पॅक बसताच आपोआप चालू होतो आणि पासवर्ड न देणाऱ्या प्रत्येक क्लायंटला नकार मिळतो. आमच्याकडे पाच ॲप्लिकेशनं या क्लस्टरशी बोलायची. ती सगळी एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं. मुख्य क्लस्टरवर सुरक्षा तूर्त बंद ठेवली आणि देखरेखीच्या क्लस्टरवर मूळचे पासवर्ड बदलून चालू ठेवली. मुख्य क्लस्टरचा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. पण दोन मोठे बदल एकाच रात्री केले आणि काही बिघडलं, तर नेमकं कशाने बिघडलं ते शोधताना सकाळ झाली असती.

बंद-चालूची रात्र

काफ्कातून वाचणारे सगळे थांबवले. शार्डांची हलवाहलव बंद करणारी सेटिंग लावली. इथे एक बारकावा आहे: ही सेटिंग तात्पुरत्या प्रकारात लावली तर क्लस्टर पूर्ण थांबताच ती पुसली जाते. नोड उठायला लागतात तशी क्लस्टर समजूत करून घेतो की उरलेले मेले, आणि प्रतिकृती नव्याने बनवायला लागतो. म्हणून ती कायमच्या प्रकारात लावायची आणि काम झाल्यावर आठवणीने काढायची. मग सिंक्ड फ्लश. त्याने मूळ शार्ड आणि प्रतिकृतीवर एकच खूण उमटते. परत उठल्यावर दोन्हींची खूण जुळली की फायली पुन्हा पाठवायची गरज पडत नाही.

तीन मास्टर आधी उठवले, मग सहा डेटा नोड. शोध एकूण सव्वीस मिनिटं बंद राहिला. क्लस्टर पिवळा झाला (मूळ शार्ड जागेवर, प्रतिकृती अजून नाहीत), हलवाहलव चालू केली आणि न वाटलेल्या शार्डांचा आकडा भराभर खाली येऊ लागला. चौतीसवर येऊन तो थांबला. सिंक्ड फ्लशचं उत्तर परत उघडून बघितलं तर तेवढ्याच शार्डांसमोर लिहिलेलं होतं की मूळ शार्डवर लिखाण चालू आहे. कुणाच्याच ध्यानात नसलेलं एक क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम काफ्काला वळसा घालून थेट क्लस्टरमध्ये लिहीत होतं. त्या चौतीस प्रतिकृती पहिल्यापासून पाठवाव्या लागल्या. हिरवं व्हायला दोन तास गेले.

किबानावरही त्याच आवृत्तीचं एक्स-पॅक लागतं. ते बसवलं आणि पहिल्यांदा सगळा क्लस्टर एका पडद्यावर दिसला.

वॉच लिहिताना

एका वॉचमध्ये कधी बघायचं, काय बघायचं, कुठल्या अटीवर आणि मग काय करायचं हे लिहायचं असतं. डिस्कचा वॉच सरळ होता: दर मिनिटाला बघ, कुठल्याही नोडवर ८० टक्के ओलांडले तर मेल आणि फोनवर संदेश, पुन्हा तोच इशारा अर्ध्या तासाच्या आत नको. ८० यासाठी की ८५ ला क्लस्टर स्वतः हालचाल सुरू करायच्या आत माणसाच्या हातात वेळ असावा.

हीपच्या, म्हणजे नोडच्या कामाच्या मेमरीच्या, वॉचने मात्र पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांना वैताग आणला. आम्ही मर्यादा ठेवली होती ७५ टक्के. ५.x सोबत येणाऱ्या जेव्हीएमच्या (इलास्टिकसर्च ज्यावर चालतं त्या जावाच्या यंत्रणेच्या) पर्यायांत जुन्या पिढीची, म्हणजे मेमरीत बराच काळ टिकलेल्या डेटाची, सफाई सुरू होण्याची रेषाही ७५ टक्क्यांवरच असते. म्हणजे निरोगी नोडचा हीपसुद्धा पंचाहत्तरच्या आसपास चढणार, सफाई होणार, खाली येणार, पुन्हा चढणार. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. आम्ही दात्याच्या टोकाला घंटा बांधली होती. टोक बघून काहीच कळत नाही, बघायला हवा तो तळ. सफाई झाल्यावरही हीप किती खाली येतो? म्हणून अट बदलली: गेल्या दहा मिनिटांतली सगळ्यात कमी नोंद ८५ च्या वर असेल तरच इशारा. त्यानंतर हा वॉच महिन्याभरात एकदाच वाजला आणि तेव्हा खरोखरच एक बेफाम ॲग्रिगेशन (नोंदींची गोळाबेरीज करणारी विचारणा) चाललं होतं.

पिवळ्या रंगाचंही तसंच. एखादा नोड बंद-चालू केला की क्लस्टर पिवळा होतोच. सलग पंधरा मिनिटं पिवळा राहिला तर मेल, लाल झाला तर ताबडतोब फोन.

सगळ्यात जास्त वेळ एका वेगळ्याच प्रश्नावर गेला. आमच्या टीममधल्या एका मुलीने विचारलं, "सर, नोंदी यायच्याच थांबल्या तर?" डिस्कचा वॉच नोंदी शोधणार, त्याला शून्य नोंदी मिळणार. शून्य नोंदींत ८० च्या वरचं काही नाही, म्हणजे अट पूर्ण नाही, म्हणजे इशारा नाही. नोड मेला काय आणि नोड ठणठणीत असला काय, वॉचच्या लेखी दोन्ही सारखंच. दर दहा सेकंदाला प्रत्येक नोडची एक नोंद येते, पाच मिनिटांत नोडमागे तीस. म्हणून नवा वॉच लिहिला: गेल्या पाच मिनिटांत नऊच्या नऊ नोडांची नोंद आहे का? एकही कमी असला तर फोन.

तिनेच पुढे सुचवलं की दर सोमवारी सकाळी नऊ वाजता, अट न लावता, एक मेल जावा. मजकूर एका ओळीचा: सगळे इशारे जागे आहेत. आम्ही त्याला खुशाली म्हणायला लागलो. गावी पोचल्यावर पत्र टाकतात, तसं.

न आलेली खुशाली

पाचव्या आठवड्यात मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, कालची खुशाली आली का तुम्हाला?"

आली नव्हती. कुणालाच आली नव्हती. आणि सोमवारचा अख्खा दिवस कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. जी गोष्ट येत नाही ती नजरेत भरत नाही, आणि खुशालीची सगळी उभारणी आम्ही नेमकी त्याच नजरेवर केली होती.

देखरेखीच्या क्लस्टरला तब्येत विचारली तर त्याने परवान्याचं कारण देऊन नकार दिला. लॉग उघडला. त्यात चौकट करून, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की परवाना संपला आहे. खाली कुठला भाग आता कसा वागेल त्याची यादी. वॉचरपुढे तीन ओळी: वॉच घालणं आणि वाचणं बंद, पुसणं चालू. वॉच चालतील आणि इतिहासात नोंद करतील. वॉचच्या कृती होणार नाहीत.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. वॉचर दर मिनिटाला उठत होता, नोंदी तपासत होता, अट पूर्ण झाली की नाही ते ठरवत होता, सगळं प्रामाणिकपणे इतिहासात लिहीत होता आणि तिथेच थांबत होता. इतिहासाच्या इंडेक्समध्ये सोमवारी सकाळी नऊची नोंद सापडली. अट: पूर्ण. कृती: रोखली. कारण: परवान्यात बसत नाही. एकच इशारा पुन्हापुन्हा जाऊ नये म्हणून आम्ही जो अर्ध्या तासाचा लगाम घातला होता, त्याने थांबलेली कृतीही इतिहासात याच शब्दाने नोंदली जाते. त्यामुळे त्या शब्दावरून नजर सहज घसरून जात होती.

त्याच इतिहासात आदल्या रात्रीपासून डिस्कचा वॉचही पेटलेला दिसला. दुसरा डेटा नोड ८३ टक्क्यांवर होता. दोन टक्के बाकी होते. जुन्या दोन इंडेक्स पुसून तो लगेच खाली आणला.

चूक आमचीच होती आणि ती कशी झाली हेही सांगायला हवं. ५.x मध्ये एक्स-पॅक बसवलं की ३० दिवसांचा चाचणी परवाना आपोआप मिळतो. मुख्य क्लस्टरवर आम्ही वेळेत मोफत बेसिक परवाना घातला, कारण तिथे फक्त मोजमाप हवं होतं आणि ते बेसिकमध्ये बसतं. देखरेखीच्या क्लस्टरवर इशारे हवे होते, त्यांना पैसे भरून परवाना लागतो आणि त्याची मंजुरी वरच्या टेबलावर पडून होती. मुदतीची तारीख माझ्या वहीत होती, पण ती मुख्य क्लस्टरची म्हणून लिहिलेली. बेसिक परवाना घातल्या दिवशी मी तिच्यावर काट मारली. मुदत संपण्याआधी लॉगमध्ये सूचना येत होत्या. सकाळी पावणेसातच्या त्या प्रकरणानंतर दोन महिन्यांतच आम्ही पुन्हा एका न वाचलेल्या लॉगवर विसंबलो होतो.

काय बदललं

मंजुरी यायला आणखी नऊ दिवस लागले. तेवढ्यासाठी क्लस्टरच्या पूर्ण बाहेरच्या एका मशीनवर क्रॉन लावला. दर पाच मिनिटांनी तो डेटा नोडांची डिस्क विचारायचा आणि ८० च्या वर गेली की संदेश पाठवायचा. वीस ओळींची स्क्रिप्ट. ती आम्ही नंतर काढली नाही.

खुशालीची दिशा उलटी केली. आता एक वॉच दर पाच मिनिटांनी त्या बाहेरच्या मशीनला वेबहूकने (थेट एचटीटीपी विनंतीने) हाक मारतो. पंधरा मिनिटं हाक आली नाही तर ते मशीन स्वतःहून फोन करतं. वॉचर मेला, परवाना संपला, नेटवर्क तुटलं, कारण काहीही असो, हाक थांबते आणि तिथून पुढचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असतं. दोन्ही क्लस्टरांच्या परवान्यांच्या तारखाही त्याच मशीनला दिल्या आहेत. तीस दिवस आधीपासून ते रोज आठवण करून देतं.

तिसरी गोष्ट म्हणजे महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, ठरवून घंटा वाजवणं. सगळ्यात रिकाम्या डेटा नोडवर फॉलोकेट या कमांडने एक मोठी फाइल तयार करतो, डिस्क ८१ टक्क्यांवर नेतो आणि घड्याळ लावून बसतो. ८५ च्या खाली असल्यामुळे क्लस्टर शार्ड जागचे हलवत नाही. पहिल्या वेळी फोन वाजायला अकरा मिनिटं लागली. नोंद यायला दहा सेकंद आणि वॉच उठायला जास्तीत जास्त एक मिनिट, मग उरलेली कुठे गेली? मेल सर्व्हरच्या रांगेत. फोनवरचा संदेश त्या मेलवरूनच निघत होता. तो वेबहूकवर आणला, दुसऱ्या वेळी दीड मिनिट लागलं.

आज हेच काम हाती घेणाऱ्याला यातल्या बऱ्याच अडचणी येणार नाहीत. जून २०१८ मधल्या ६.३ पासून एक्स-पॅक इलास्टिकसर्चच्या मूळ वितरणातच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. मे २०१९ मध्ये ६.८ आणि ७.१ पासून सुरक्षेचा मूलभूत भाग मोफत परवान्यात आला. ६.० पासून वॉच फक्त मास्टरवर न चालता वॉच ठेवणारे शार्ड ज्या नोडांवर असतात तिथे वाटून चालतात. २०२१ मध्ये वेगळ्या झालेल्या ओपनसर्चमध्ये इशाऱ्यांचं प्लगइन अपाची परवान्याखाली सोबतच मिळतं, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. पण नोंदीच आल्या नाहीत तर वॉच काय करेल, हे मात्र तिथेही लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आमच्याकडे अजून एक काम बाकी आहे. फोन करणाऱ्या त्या बाहेरच्या मशीनवर लक्ष कोण ठेवतं? सध्या दर सोमवारी सकाळी नऊ वाजता ड्युटीवरचा माणूस त्या मशीनवर हाक मुद्दाम रोखतो, आपला फोन वाजेपर्यंत थांबतो आणि वहीत वेळ लिहितो. ज्या सोमवारी वहीत नोंद नसते, त्या दिवशी दहा वाजता ती मुलगी विचारायला येते.